बुडीत क्षेत्रातलं गाव, अर्धवट तलाव आणि गळकं माळवद: करावं काय?

कोरडा_ओढा (धागाकर्ता)

नमस्कार. एका गोष्टीवर सल्ला पाहिजे. आधी पूर्ण वाचावं ही विनंती, कारण गावात जो तो अर्धं ऐकून सल्ला देतो.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, डोंगरपट्ट्यात. ओढ्यावर साठवण तलाव मंजूर झाला त्याला दीड दशक होऊन गेलं. मातीची भिंत दोन्ही अंगांनी उभी आहे, सांडवा खोदून ठेवलाय, मध्ये घळभरणी राहिली. म्हणजे ओढा त्या फटीतून पूर्वीसारखाच वाहतो. गुत्तेदाराने पोकलेन हलवली ती हलवलीच. खालच्या अंगाला चार गावांचं लाभक्षेत्र, वरच्या अंगाला आमचं गाव आणि एक तांडा बुडीत. नव्या गावठाणाच्या जागेवर दगड रोवलेत, तिथं आता वेड्या बाभळी माजल्यात.

तलाव झाला नाही ते एक वेळ बाजूला ठेवा. अर्धवट राहिल्याने काय होतंय ते ऐका. सातबाऱ्यावर इतर हक्कात भूसंपादनाचा शेरा, त्यामुळे बँक पीककर्जाला उभं करत नाही. घरकुल मागितलं तर "तुमचं गाव उठणार, नव्या गावठाणात बांधा." नव्या गावठाणात प्लॉट मागितला तर "अजून वाटप नाही." शाळेच्या खोल्या, पाणंद रस्ता, स्मशानभूमीचं शेड, सगळ्याला हेच उत्तर. भूमिपूजनानंतर जन्मलेली पोरं आता दहावीला बसायलीत, त्यांनी गावात सरकारी सिमेंटची एक गोणी उतरलेली पाहिली नाही.

आता प्रश्न दोन. एक, वडिलांचं घर माळवदाचं आहे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. दर पावसाळ्यात दोन खोल्यांत पातेली मांडावी लागतात. माळवद उतरवून स्लॅब टाकायचा का? उद्या घर पाण्याखाली गेलं तर पैसे पाण्यात, शब्दशः. दोन, धाकट्या भावाला शेतात विहीर पाडायची आहे. वडील म्हणतात, "बुडणाऱ्या रानात विहीर पाडणारा माणूस बघितला का कुणी?" भाऊ म्हणतो, "मग मी म्हातारा होईस्तोवर कोरडवाहूच करू का?" घरात दोघांचं बोलणं बंद आहे, निरोप माझ्यामार्फत जातात आणि मी राहतो पुण्यात.

---

गोदाकाठी

पत्रे टाका. गाव उठलं तर काढून नेता येतात.

---

तिफण

गोदाकाठी, बोललात एकदम लाख मोलाचं. पण मे महिन्यात परभणी-जिंतूरला पत्र्याखाली म्हातारं माणूस बसवून बघा. माळवद कितीही गळो, उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा नाही.

---

नारळफोड्या

भूमिपूजन किती वेळा झालं ते लिहिलं नाही. आमच्याकडं एका पुलाला तीन नारळ फुटले, तीन वेगवेगळ्या पक्षांचे. पूल अजून नाही. नारळवाला मात्र पक्क्या घरात गेला.

---

कोरडा_ओढा

दोनदा. दुसऱ्या वेळी पहिली कोनशिला हलवून तिथंच नवी बसवली. पहिली सध्या एका गोठ्यात गव्हाणीखाली आहे.

---

गटनंबर

धागाकर्ते, गावातले सल्ले आणि इथले विनोद दोन्ही बाजूला ठेवा. आधी एक कागद बघा: सातबाऱ्यावरचा शेरा नेमका कुठल्या फेरफाराने आला आणि त्यात कुठलं कलम लिहिलंय. सगळं त्यावर आहे.

भूसंपादनाचा जुना कायदा १८९४ चा. १ जानेवारी २०१४ पासून नवा, २०१३ चा लागू झाला. तुमची प्रक्रिया नव्या कायद्याखाली असेल तर कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघते. ती निघाली की त्या गटांची खरेदी-विक्री करता येत नाही, बोजाही चढवता येत नाही. बँक कर्ज देत नाही ती यामुळे. (जिल्हाधिकारी खास कारणाने सूट देऊ शकतात, पण ती मागायची असते हे कुणी सांगत नाही.) त्यानंतर बारा महिन्यांत कलम १९ ची घोषणा व्हावी लागते. मुदतवाढ दिली नसेल आणि घोषणा झाली नसेल तर कलम ११ ची अधिसूचना रद्द झाली असं कायदाच मानतो. घोषणा झाली तर तिच्यापासून पुढच्या बारा महिन्यांत निवाडा, म्हणजे भरपाई ठरवणारा आदेश. तोही झाला नाही आणि मुदत वाढवली नाही तर प्रक्रिया व्यपगत, म्हणजे आपोआप संपली.

आता गंमत बघा. अधिसूचना कायद्याने मरते, पण सातबाऱ्यावरचा शेरा आपोआप निघत नाही. तो काढायला कुणीतरी अर्ज करावा लागतो. मराठवाड्यात असे मेलेले शेरे किती असतील देव जाणे.

विहिरीचं: मावेजा (भरपाई) ठरवताना बाजारभाव कलम ११ च्या अधिसूचनेच्या तारखेचा धरतात. त्या तारखेनंतर पाडलेल्या विहिरीचे पैसे मिळतील हे गृहीत धरू नका. पण अधिसूचनाच जिवंत नसेल तर सगळं गणित बदलतं.

---

कोरडा_ओढा

खूप आभार. फेरफार काढायला भावाला सांगतो. एक सांगायचं राहिलं: भिंतीखाली ज्यांची जमीन गेली त्यांनी सुरुवातीला संमतीपत्रं लिहून दिली होती. "पैसे नंतर मिळतील, काम तर सुरू होऊ द्या," असं म्हणून. त्यांना आजपर्यंत रुपया नाही.

---

गटनंबर

संमतीपत्र म्हणजे खरेदीखत नव्हे. त्या लोकांची वेगळी केस आहे, त्यांनी वकील गाठावा. आणि आतापर्यंत का गाठला नाही हा प्रश्न मी विचारत नाही, उत्तर माहीत आहे.

---

सांडवा

मी पाटबंधाऱ्यात नोकरी करून निवृत्त झालो. गावात चर्चा "पैसे खाल्ले" इथं संपते. कुठंच खाल्ले नाहीत असं मी म्हणणार नाही, एवढा निर्लज्ज झालो नाही. पण पैसे न खाताही प्रकल्प कसा अडकतो ते सांगतो.

मान्यता ज्या वर्षी मिळाली त्या वर्षीच्या दरसूचीवर खर्च काढलेला असतो. जमीन वेळेवर मिळत नाही, दर वाढतात, मूळ मान्यतेत पैसे पुरत नाहीत. मग सुधारित प्रशासकीय मान्यता, आमच्या भाषेत सुप्रमा. तिच्यासाठी पाण्याचा हिशोब पुन्हा निघतो. नाशिकच्या जलविज्ञान कार्यालयाचं पाणी उपलब्धता प्रमाणपत्र लागतं, आणि हिशोब ७५ टक्के विश्वासार्हतेचा, म्हणजे चारपैकी तीन वर्षं एवढं पाणी येणारच असं दाखवावं लागतं. दरम्यान वरच्या शिवारात नाला खोलीकरण, सिमेंट बंधारे, शेततळी झालेली असतात. ते पाणी वजा केलं की कागदावर तुमचा ओढा बारीक होतो.

त्यात २०१२ च्या नोव्हेंबरात सिंचनाची श्वेतपत्रिका आली. त्याआधी मान्यता आधी आणि जमीन नंतर असा कारभार होता. त्यानंतर फाईलवर सही करायला कुणी धजेना. गोदावरी खोऱ्यात एकात्मिक जल आराखडा नसतानाच मान्यता दिल्यावरून औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिकाही झाली. २०१७ मध्ये मृद व जलसंधारण विभाग वेगळा झाला आणि ६०० हेक्टरपर्यंतच्या योजना तिकडे गेल्या. या हस्तांतरात लहान तलावांच्या कितीतरी फायली ना इकडच्या ना तिकडच्या झाल्या. तुमच्या तलावाची सिंचन क्षमता किती हेक्टर आहे ते बघा, म्हणजे कुणाच्या दारात जायचं ते कळेल. निम्मे लोक चुकीच्या ऑफिसात उपोषणाला बसतात.

घळभरणी राहिली याचंही कारण आहे. घळ बुजवली की पहिल्याच पावसात पाणी साठतं. म्हणून बुडीत क्षेत्र पूर्ण ताब्यात येऊन माणसं हलल्याशिवाय ती करायची नसते. आणि करायची तर पाऊस संपल्यापासून पुढच्या पावसाच्या आत, एकाच हंगामात. अर्धी राहिली तर पहिल्या पुरात जाते. जमिनीचा शेवटचा तुकडा अडला म्हणजे घळभरणी अडली.

---

मुखेडकर

सांडवा साहेबांच्या शेवटच्या मुद्द्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या तालुक्यातला लेंडी प्रकल्प आंतरराज्य, १९८० च्या दशकापासून रखडलेला. २०२५ च्या ऑगस्टात अतिवृष्टी झाली आणि बुडीत क्षेत्रातल्या हसनाळसारख्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं किती गेली मोजदाद नाही. लोक जुन्याच घरांत राहत होते. का राहत होते? "पुनर्वसन झालंय" आणि "पुनर्वसन अर्धवट आहे" अशी दोन वेगळी सत्यं होती, एक कागदावरचं आणि एक गावातलं. धागाकर्ते, घराचं काय करायचं ते करा, पण घळभरणी होणार असं कानावर आलं तर त्या उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना पुण्याला घेऊन जा.

---

कोरडा_ओढा

वाचून सुन्न झालो. वडिलांना हे वाचून दाखवणार नाही.

---

मुखेडकर

दाखवा.

---

दुष्काळी_सून

माझं माहेर सेलूकडं, गाव एका धरणात गेलं. मी तेव्हा शाळेत होते. नवीन गावठाणात सगळं मिळालं म्हणून सांगतात. रस्ते आखलेले होते, खरं आहे. नळाला पाणी नव्हतं. ज्या धरणासाठी उठलो त्याचं पाणी दिसायचं आणि आई हंडा घेऊन टँकरच्या रांगेत.

पण मला दुसरंच लिहायचंय. आमचं गाव उठायच्या आधी जी वर्षं अधांतरी गेली ती जास्त वाईट होती. पोरींची लग्नं लवकर उरकली, कारण "मावेजा आला की पोरं वाया जातात, त्याआधी उरकून घ्या." पोरांची लग्नं अडली, कारण "बुडणाऱ्या गावात पोरगी कोण देणार." माझ्या चुलतभावाला बघायला आलेल्या पाहुण्यांनी सातबारा मागितला, शेरा वाचला, चहा घेतला आणि उठले. आमची मोठी आई दर दिवाळीला म्हणायची, यंदा भिंती सारवायच्या का नाहीत? आणि दरवर्षी सारवायची.

धागाकर्त्यांना एवढंच सांगेन, वडिलांच्या डोक्यावर पाणी गळतंय ते आज गळतंय. आधी छत करा.

---

तिफण

+१. सुनबाईंनी बरोबर लिहिलं.

---

लाभक्षेत्रवाला

इथं सगळे बुडीतवाल्यांचीच बाजू मांडायलेत, म्हणून लिहितो. मी अशाच एका अर्धवट तलावाच्या खालच्या गावचा, जिल्हा हिंगोली. आमच्या चार गावांचं काय? आमच्याही सातबाऱ्यावर "पुनर्वसनासाठी राखीव" असा शेरा पडलाय, का तर लाभक्षेत्रातली जमीन बुडीतवाल्यांना द्यावी लागेल. पाण्याचा थेंब नाही आणि जमीन विकायची तर परवानगी. दोन पोरींची लग्नं काढलेल्या माणसाला अडीच एकर विकता आली नाही आमच्यात.

आणि खरं बोलतो, राग येऊ द्या. आमच्याकडचे बुडीतवाले मोजणीला माणसं आली की दगड घेऊन उभे राहतात. मग रखडणार नाही तर काय होणार?

---

कोरडा_ओढा

दगड घेऊन उभे राहतात कारण पहिल्यांदा हात जोडून उभे होते. संमतीपत्रं दिली त्यांचं काय झालं ते वर लिहिलंय. पाणी तुमच्या उसाला आणि आमचं गाव पाण्यात, वर अडवल्याचा ठपका पण आमच्यावर?

---

लाभक्षेत्रवाला

ऊस कुठं दिसला तुम्हाला? सोयाबीन आणि हळद आहे. हळद पण विहिरीवर, मार्चला विहीर तळाला जाते.

---

सांडवा

दोघंही थांबा जरा. साठवण तलावावर ऊस होत नाही, रब्बीचं एखादं-दुसरं पाणी मिळालं तर नशीब. तलावाचा मोठा फायदा खालच्या विहिरींना पाझर लागतो तो. त्याचा कुठल्या लाभक्षेत्राच्या नकाशात हिशोब नसतो.

---

संत्र्याची_बाग

आमच्या भागातली बागायत सांगू का? मोजणी लागणार म्हटल्यावर एका रात्रीत फळबागा उगवल्या. कोरडवाहू रानात काड्या रोवल्या, त्याला डाळिंब म्हणायचं. एकाने तर साग लावला, दोन झाडांत एवढंच अंतर की मधून शेळी जाईना. पंचनामा करणाऱ्या साहेबाने विचारलं, पाणी कुठून देता? म्हणे, तलाव झाल्यावर देणार!

---

नारळफोड्या

😂😂 बुडणाऱ्या बागेला बुडवणाऱ्या तलावाचं पाणी.

---

तिफण

हसू नका, यातून दलालांची एक जमातच तयार झाली. रोपं तेच पुरवणार, पंचनाम्याला माणूस तेच आणणार, मावेज्यातला वाटा आधीच स्टँपवर. मावेजा आलाच नाही तिथं रोपांचे पैसे कास्तकाराच्या अंगावर.

---

संत्र्याची_बाग

आणि भिंतीचा मुरूम? आमच्या गावच्या तलावाची अर्धी भिंत लोकांच्या घरांच्या जोत्यात आहे. रातच्याला ट्रॅक्टर चालू असायचे. सरकारी काम गावापर्यंत पोहोचलं नाही असं म्हणता येणार नाही.

---

सांडवा

विनोद पुरे, पण यात धोका आहे. अर्धवट भिंतीला पावसाने घळ्या पडतात, त्यात मुरूम उकरला तर गाभ्याची काळी माती उघडी पडते. पुन्हा काम सुरू झालं की ती सगळी साफ करून, थर देऊन, पाणी मारून दाबावी लागते. नुसती घळ बुजवून भिंत चालत नाही. कुणी तसं करत असेल तर गावाने अडवलंच पाहिजे.

---

आशावादी_बीडकर

मी उगाच आशा दाखवत नाही, पण आमच्या रेल्वेचं बघा. नगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची. आमच्या आधीच्या पिढीने आंदोलनात म्हातारपण काढलं. २०२२ ला आष्टीपर्यंत आली आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडला गाडी आली. तीस वर्षांनी का होईना, आली. स्टेशनवर लोक नुसते गाडीला हात लावायला आले होते.

---

जुना_पैठणकर

बीडकर, अभिनंदन. पण जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ ला आणि लोकार्पण १९७६ ला. एवढं प्रचंड मातीचं धरण अकरा वर्षांत उभं राहिलं, आजच्यासारख्या पोकलेन नसलेल्या काळात. तेव्हाही गावं गेली, मावेजा तुटपुंजा होता, लोकांचे हाल झालेच. पण उठायचंय हे माहीत होतं आणि साल माहीत होतं. अकरा वर्षांत नाथसागर होतो आणि पंधरा वर्षांत एक ओढा अडवता येत नाही, याला काय म्हणायचं?

---

येलदरीचं_पाणी

जिंतूरचा विषय निघालाच आहे म्हणून. येलदरी धरण आमच्याच तालुक्यात. पाणी खाली सिद्धेश्वरला जातं, तिथून पूर्णा कालव्याने वसमत, परभणी, नांदेडकडं. आमचा डोंगरपट्टा धरणाच्या उशाला बसून मार्चपासून टँकर मोजतो. लहान तलाव हाच आमच्या भागाला उपाय होता, म्हणून लोकांनी संमतीपत्रं दिली. कुणी भोळे नव्हते. पाणी पाहिजे होतं.

---

शेततळे_जिंदाबाद

तलावाची कल्पनाच जुनी झाली. ज्याने त्याने शेततळं करावं, विषय संपला. ना भूसंपादन, ना पुनर्वसन.

---

सांडवा

शेततळ्यात अस्तरीकरणाचा कागद घालून विहिरीचं पाणी उपसून भरतात, हे बघितलंय का? ती भूजलाची टाकी झाली, वर तोंड उघडं, उन्हाळ्यात निम्मं उडून जातं. ओढ्याचं वाहतं पाणी अडवणं वेगळं. दोन्ही लागतं. "विषय संपला" म्हणू नका, आमच्या खात्यात हे वाक्य म्हणणारे फार होते.

---

तांड्यावरून

पहिल्यांदाच लिहितोय, चुकभूल माफ. धागाकर्त्यांनी "एक तांडा बुडीत" एवढं लिहिलं. आमचा तांडा तोच नसेल, पण असाच आहे. आमची घरं गायरानावर, तीन पिढ्या. सातबाराच नाही तर शेरा कुठला? ज्यांच्या जमिनीवर शेरा आहे त्यांना निदान नोटीस येते. आमच्या दारात कुणी आलं नाही. सर्वे झाला तेव्हा निम्मा तांडा ऊसतोडीला कारखान्यावर होता, दिवाळीनंतर गेलेला माणूस उन्हाळ्यातच परततो. यादीत घरं कमी लागली. नंतर नावं घालायला गेलो तर मोजणी झाली म्हणाले. तलाव झाला तर आम्हाला काय मिळणार, नाही झाला तर काय मिळणार, दोन्हीचं उत्तर कुणाकडं नाही.

---

गटनंबर

तांड्यावरून, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. २०१३ च्या कायद्यात बाधित कुटुंब म्हणजे फक्त जमीनमालक नाही. तिथं मजुरीवर किंवा त्या जमिनीवर पोट भरणारे, ठराविक वर्षं तिथं काम करत असतील तर तेही येतात. जुनी मतदारयादी, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, वीजबिल, जे असेल त्याच्या प्रती एकत्र करा. ग्रामसभेत ठराव घ्या, आणि ठराव तांड्यावरची माणसं हजर असताना घ्या, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम सोडून. अर्जाची पोहोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.

---

दुष्काळी_सून

आणि बायकांची नावं यादीत घाला. आमच्याकडं विधवा काकूंचं घर दिराच्या नावाखाली मोजलं गेलं.

---

कोरडा_ओढा

भावाने कागद काढले. तलाठ्याकडं, मग भूसंपादन कार्यालयात, मग माहिती अधिकाराचा अर्ज. उत्तर आलंय, सविस्तर लिहितो, गटनंबर यांनी कृपया बघावं.

भिंत आणि सांडव्याखालचे गट: निवाडा नाही, खरेदीही नाही, फक्त संमतीपत्रं. बुडीत क्षेत्रातले आमचे आणि शेजारचे गट: कलम ११ ची अधिसूचना २०१६ मध्ये निघाली. त्यानंतर कलम १९ ची घोषणा "अभिलेखात आढळून येत नाही." मुदतवाढीचा आदेशही "आढळून येत नाही." मधल्या काळात सरळ खरेदीचा प्रस्ताव गेला, निधीअभावी परत आला.

आणि मोठा धक्का गावठाणाचा. गावठाणाची अधिसूचना कधी निघालीच नाही. म्हणजे ज्या घरांना घरकुल नाकारलं, ज्या शाळेला खोल्या नाकारल्या, ते कशाच्या आधारावर? तर ग्रामपंचायतीला आलेल्या एका जुन्या पत्राच्या आधारावर, ज्यात "प्रस्तावित बुडीत क्षेत्र" असा उल्लेख आहे. एका शब्दावर गाव थांबलं.

---

गटनंबर

मला साधारण हेच वाटलं होतं. तुमच्या शेताच्या गटांवर अधिसूचना कायद्याने शिल्लक नाही असं दिसतं. भूसंपादन अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज द्या: कलम १९ ची घोषणा मुदतीत झाली नाही, सबब शेरा कमी करण्याबाबत तहसीलला कळवावं. सोबत माहिती अधिकाराचं उत्तर जोडा, तेच तुमचं मोठं हत्यार. एकट्याने देऊ नका, त्या अधिसूचनेतल्या सगळ्या खातेदारांनी मिळून द्या.

घराचं तर मोकळंच झालं. गावठाणावर काहीच बंधन नाही. घरकुलाचे अर्ज पुन्हा टाका आणि नाकारलं तर कारण लेखी मागा. लेखी म्हटलं की पुष्कळ कारणं विरघळतात.

विहीर: शेरा निघाल्यावर पाडली आणि पुढं कधी नवी अधिसूचना आली, तर त्या तारखेला विहीर जागेवर असेल, तिचं मूल्यांकन व्हायला पाहिजे. भावाला मनरेगाची विहीर बघायला सांगा. २०२२ मध्ये अनुदान ४ लाखांपर्यंत नेलं होतं, आताचा आकडा पंचायत समितीत विचारा. सलग एक एकर जमीन आणि दुसऱ्या विहिरीपासूनचं अंतर एवढं जुळलं पाहिजे.

---

लाभक्षेत्रवाला

म्हणजे शेरे निघाले की तलाव गेला. पुन्हा अधिसूचना, पुन्हा सामाजिक परिणाम अभ्यास, पुन्हा दहा वर्षं. तुमच्या गावाचं भलं झालं, तुमच्या खालच्या चार गावांनी काय करायचं?

---

कोरडा_ओढा

तुमचं खोटं नाही. पण शेरा ठेवून तरी तुम्हाला पाणी मिळालं का? आठ-नऊ वर्षं तो शेरा आमच्या सातबाऱ्यावर होता, खालच्या शिवारात थेंब गेला नाही. मी तलावाच्या विरोधात नाही. घ्यायची असेल तर पैसे मोजून जमीन घ्या, गाव बसवून द्या आणि मग बुडवा. घ्यायची नसेल तर सोडा.

---

लाभक्षेत्रवाला

मग तसं बुडीत आणि लाभक्षेत्र दोघांनी मिळून लिहून द्या ना. आजवर आम्ही मोर्चा काढायचा, तुम्ही वेगळा. साहेब आम्हाला सांगतो बुडीतवाले अडवतात, तुम्हाला सांगतो खालच्यांचा दबाव आहे. आमच्या तालुक्यातही हेच चालतं.

---

सांडवा

हे आधी झालं असतं तर निम्मे प्रकल्प सुटले असते. एकत्र निवेदनात तीनच गोष्टी मागा: आजच्या दरसूचीने सुप्रमाचा प्रस्ताव कुठं आहे, भूसंपादनाला यंदा किती तरतूद, आणि दोन्ही नसेल तर प्रकल्प रद्द केल्याचं लेखी पत्र. तिसऱ्या मागणीला सगळे घाबरतात. रद्द केलं की ते कुणाच्यातरी नावावर लागतं, म्हणून प्रकल्प रद्द होत नाहीत, नुसते पडून राहतात.

---

तांड्यावरून

निवेदनात तांड्याची घरं पण लिहा.

---

कोरडा_ओढा

लिहिणार. आमच्या तांड्याच्या नायकांशी भाऊ बोललाय, तुमचा अनुभव सांगितला. घरांची यादी ते ऊसतोडीला जायच्या आधीच करणार आहेत.

---

गोदाकाठी

ते सगळं ठीक. पत्रे का स्लॅब, ते ठरलं का?

---

कोरडा_ओढा

वडील म्हणतात माळवद उतरवायचं नाही. सागाच्या तुळया शाबूत आहेत, वरची पांढरी माती काढून नवी टाकायची, आणि तेवढ्या पैशात भावाच्या विहिरीचं पाणी बघायला माणूस बोलवायचा. त्यांनी भावाला हे स्वतः सांगितलं, माझ्यामार्फत नाही. पांढरी माती मात्र आता गावात मिळत नाही. जिंतूर-सेलू भागात कुणाकडं पडक्या गढीची वगैरे असेल तर निरोप टाका, ट्रॅक्टरभाडं आमचं.

---

तिफण

आमच्या सासुरवाडीला पडका वाडा आहे, भावकीत वाद आहे पण मातीवर नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.